एका बिस्किटापायी वीस मिनिटांची लढाई

चि. धाकटीस,

तुझ्या गुडघ्यांना, तुझ्या रक्तदाबाला आणि तुझ्या रागाला, तिघांनाही थोरलीचे आशीर्वाद. पहिली दोन दुखणी आटोक्यात असतील अशी आशा आहे, तिसऱ्याची मला खात्री नाही. चष्मा सापडला नसेल तर कपाळावर बघ, आणि मग पुढे वाच.

इकडे सर्व खुशाल. खुशाल म्हणजे, सकाळपासून मी अकरा वेळा उठून फोनमध्ये जीव आहे का ते पाहिलं, दोनदा त्याला चार्जिंगला लावलं आणि तीनदा काढलं. (दोनदा लावलेला तीनदा कसा काढला, असं सूनबाई विचारतेय. तिला म्हटलं, तू लिही.) बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. शेवटी सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही इथे बसा आणि कुणाला तरी पत्र सांगा, म्हणजे आपण दोघी एका जागी तरी बसू. कुणाला तरी म्हणजे तुला, हे तिने आधीच पाकिटावर लिहून ठेवलं होतं. तेव्हा हे पत्र मी आपणहून पाठवतेय असं समजू नकोस. आणि लिहिणारी सूनच असल्यामुळे तिच्याविषयी चांगलं बोलेन ते धाकाने असेल, वाईट बोलेन ते ती लिहिणार नाही. दोन ओळींमधली कोरी जागा तेवढी नीट वाच.

आपलं दीड वर्षाचं अबोल्याचं प्रकरण मी इथे काढणार नाही. माझ्या सत्तरीला चाळीस पाहुण्यांसमोर, रंगीत कागदात गुंडाळून, वर फीत बांधून, तू मला लहान पोरांची पाटी दिलीस, हे मी विसरूनच गेले आहे. लोक हसले, मीही हसले. मी तशी हसले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुला सांभाळायला घरी कुणी हवं म्हणून मला शाळेत घातलं नाही, आणि जिला सांभाळलं ती मोठी होऊन शाळेत बाई झाली, हेसुद्धा मी काढणार नाही. पाटी वाया गेलेली नाही. दुधाच्या पातेल्यावर ती झाकण म्हणून अशी बसते, की बनवणाऱ्याने माप घेऊन बनवली असावी.

तर मुद्द्याचं. आज सिनेमा कंपनीचा फोन यायचाय. त्यावर कळेल, की सिनेमात माझा आवाज ठेवायचा की काढून टाकायचा, आणि माझ्याबरोबर सूनबाईचं पुढच्या तीन भागांचं कामही काढून टाकायचं की कसं. (आता चष्मा काढून पुसू नकोस. बरोबर वाचलंस. सिनेमात माझा आवाज.)

सूनबाई काय करते ते तुला अर्धवट माहीत आहे, मलाही परवापर्यंत अर्धवटच माहीत होतं. ती इंग्रजी पुस्तकं मराठीत करते. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे मुलांचं एक जाडजूड पुस्तक आलं, इंग्लंडात लिहिलेलं, ड्रॅगनचं. तिची काम करायची रीत अशी, की वाक्य कागदावर उतरलं की ती स्वयंपाकघरात येते आणि मी मटार सोलत असले तरी, डुलक्या काढत असले तरी, मला ते वाचून दाखवते. मी सोलत राहिले तर वाक्य चांगलं. माझा हात थांबला तर वाक्यात खोट. मला वाचता येत नाही म्हणूनच माझ्या कानाला फसवता येत नाही, असं ती म्हणते. असं करत करत साडेचारशे पानांचं पुस्तक माझ्या कानांतून गेलं, आणि जे माझ्या कानांतून जातं ते बाहेर पडत नाही. (तू सहा वर्षांची असताना मला काय म्हणाली होतीस तेही आत आहे.)

गोष्ट थोडक्यात अशी. एक पोरगी वाट चुकून डोंगरावरच्या घरात येते. तिथे दोन म्हाताऱ्या बहिणी राहतात, आणि एका किटलीवरून त्या चाळीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. घरात मधोमध भिंत घातलेली, भिंतीला एक दार, आणि ते दार बंद. पोरगी थोरलीकडे गवताच्या माळ्यावर लपते, हातात टॉर्च, टॉर्चचे सेल संपत आलेले, उजेड पिवळा होत चाललेला, आणि बाहेर ड्रॅगन. ती तीन पानं ऐकताना मी अर्धा किलो मटार सालासकट भांड्यात टाकले. मग थोरली म्हातारी बाहेर जाते आणि ड्रॅगनपुढे बिस्किट धरते. बिस्किट इतकं जुनं आणि इतकं कडक, की चावताना ड्रॅगनचा किडका दात निघून येतो. दात गेल्यावर कळतं, की बिचारा इतकी वर्षं दातदुखीनेच आग ओकत होता. काय डोकं आहे बघ लिहिणाराचं!

पुढे त्या पुस्तकाचा सिनेमा निघाला, पण अमेरिकेत. आणि त्याचे मराठी संवाद लिहायचं काम सूनबाईला मिळालं. तिचा पहिलाच सिनेमा. तिने घरच्या लहान पडद्यावर तो लावला आणि मी पाहायला बसले, आणि काय सांगू, पोरगी गवताच्या माळ्यावर चढली ती हातात पेटती मशाल घेऊन! भोवती छपरापर्यंत वाळलं गवत, आणि ही मशाल फिरवत इकडून तिकडे पळतेय, आणि एक काडी पेटेल तर शपथ. मी ओरडले, अगं टॉर्च कुठाय? तेव्हा सूनबाईने सांगितलं, की इंग्लंडात ज्याला टॉर्च म्हणतात त्याला अमेरिकेत फ्लॅशलाइट म्हणतात, आणि अमेरिकेत टॉर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मशालच येते. म्हणजे कुणीतरी पुस्तक वाचलं, टॉर्च या शब्दाशी आलं आणि सरळ पोरीच्या हाती आग दिली. एकाने तरी विचारायला नको, की बाबांनो, मशालीचे सेल कसे संपतील?

बिस्किटाचं तर विचारूच नकोस. अमेरिकेत बिस्किट म्हणजे म्हणे पावासारखं मऊ, गरम काहीतरी. सिनेमातली म्हातारी ताटलीत वाफाळते चार गोळे घेऊन आली. आता पावाने कुणाचा दात पडलाय का? दात पडेना म्हणून ड्रॅगन शांत होईना, ड्रॅगन शांत होईना म्हणून सैन्य आलं, सैन्य आलं म्हणून राजा आला, आणि एका बिस्किटापायी वीस मिनिटं लढाई चालली. सूनबाईचं म्हणणं, आई, असं नसतं, त्यांना लढाई हवीच होती, बिस्किट निमित्त. मी म्हणते असंच असतं. जगातल्या बऱ्याच लढाया कुणीतरी कुणालातरी वेळेवर कडक बिस्किट दिलं नाही म्हणून झाल्या असतील.

या गडबडीत मला माझ्याविषयी एक गोष्ट कळली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आयुष्यभर टॉर्च म्हटलं, बिस्किट म्हटलं, लिफ्ट म्हटलं, पेट्रोल म्हटलं. मला वाटायचं मी मराठी बोलतेय. तर हे सगळं इंग्लंडचं शुद्ध इंग्रजी निघालं! अमेरिकेत यातलं एक चालत नाही. तू चाळीस वर्षं खडू झिजवलेस आणि मी मटार सोलले, आणि इंग्रजी दोघींचं सारखंच. (तू वर्गात पोरांना रबर, रबर म्हणायचीस ना? त्याचा अमेरिकेत भलताच अर्थ होतो म्हणे. काय होतो ते सूनबाई सांगत नाही, कान मात्र लाल झाले. तुला माहीत असेल तर उलट टपाली कळव.)

आता माझा आवाज त्यात कसा घुसला ते ऐक. सिनेमातला माणूस जेवढा वेळ तोंड हलवतो तेवढ्यातच मराठी वाक्य बसवावं लागतं, आणि त्याचे ओठ मिटतात तिथे आपलाही 'प' किंवा 'म' यावा लागतो. ते जमतंय का पाहायला सूनबाई थोरल्या म्हातारीची वाक्यं माझ्याकडून म्हणवून घ्यायची आणि फोनवर भरून ठेवायची, कच्चं काम म्हणून. एकदा तिने कंपनीला कागदांऐवजी तेच पाठवून दिलं. (चुकून. ती म्हणते चुकून. मी सासू आहे, मला विश्वास ठेवावा लागतो.) मागे कुकरची शिट्टी होती, ती त्यांना किटलीची वाटली. त्यांनी आधी एक मोठी नटी घेतली होती, पण तिची म्हातारी म्हणजे महाराणी गच्चीवरून भाषण करतेय अशी वाटायची. कंपनीचा निरोप आला, ही किटलीवाली बाई कोण आहे, तिलाच आणा.

गेलो. आवाज भरणारा जो प्रमुख आहे, त्याला आम्ही घरात आवाजवाला म्हणतो, तो बारा वर्षं अमेरिकेत राहून आलेला. त्याने कळवलं, पहिल्या मजल्यावर या. सूनबाई स्कूटर लावायला गेली, म्हणाली तुम्ही व्हा पुढे. मी कठडा धरून एक जिना चढले. आता अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात, हे मला कोण सांगणार? वर दारावर काहीतरी लिहिलेलं होतं, पण दारावरच्या लिहिण्याचं आणि माझं कसं आहे ते तू जाणतेसच. आत पांढऱ्या डगल्यातला एक तरुण, मोठी खुर्ची, डोळ्यांवर दिवा. सगळं सिनेमासारखंच. म्हणाला, बसा, तोंड उघडा. मी म्हटलं, ओठांचं काम आहे, तोंड तपासणारच. उघडलं आणि माझं वाक्य म्हणायला लागले, तर म्हणतो बोलू नका. आवाजाच्या कामाला बोलावून बोलू नका म्हणतोय म्हणजे हाच मुख्य साहेब असणार, असं धरून मी गप्प बसले. त्याने तो माझा पुढचा हलता दात पाहिला, एका बोटाने जरा ढकलला, आणि तो दात, जो मी चार वर्षं जिभेने सांभाळून ठेवला होता, टपकन त्याच्या हातात! सूनबाई धापा टाकत वर आली तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. आई, काय केलंत हे! मी खुणेने सांगितलं, पास झाले.

(ड्रॅगनचं दुःख मला तेव्हा पुरतं कळलं. फक्त मला बिस्किट मिळालं नाही.)

खाली ती आवाजाची खोली. खिडकी नाही, भिंतींना गादीसारखं काहीतरी, पाऊल टाकलं तर आपलंच आपल्याला ऐकू येत नाही. समोर पडदा, आणि कागद ठेवायला उभं स्टँड. बाकीच्यांचे कागद त्यावर असतात. माझं स्टँड रिकामंच. मी त्यावर माझी पिशवी ठेवली. सूनबाई काचेपलीकडे बसली, ती वाक्य बोलणार, ते माझ्या कानावरच्या यंत्रात येणार, आणि मी ते तसंच्या तसं म्हणणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा सुनेचं मी शब्दशः ऐकलं. दात गेल्याने 'स' म्हटला की शीळ यायची. आवाजवाला उड्या मारायला लागला, म्हणे अशी म्हातारी बारा वर्षांत पाहिली नाही. त्याचं-सूनबाईचं मात्र दिवसभर जुंपलेलं. तो म्हणे फ्लॅशलाइट, ती म्हणे टॉर्च. (पडद्यावर तर मशाल. तिघांचे तीन उजेड.)

सगळं रांगेने पार पडलं, आणि शेवटचा प्रसंग आला. इथे मी घोटाळा केला.

पुस्तकाचा शेवट असा आहे, की पोरगी घरी जाते, आणि चाळीस वर्षांनी मधलं दार उघडून धाकटी म्हातारी थोरलीच्या खोलीत येते. थोरली एकच वाक्य बोलते. मूळ इंग्रजीत ते तीनच शब्दांचं आहे म्हणे, आणि त्याचं मराठी सूनबाईला आठ दिवस सापडत नव्हतं. क्षमा घातली, स्वागत घातलं, माझा हात थांबलेला तो थांबलेलाच. शेवटी मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षांनी बहीण घरात आली तर माणूस काय बोलेल? "दार लावून घे, वारा येतो." म्हणजे आता तू परत जायचं नाहीस. सूनबाईने तेच लिहिलं, आणि तेच छापलं. साडेचारशे पानांत तेवढी एक ओळ माझी आहे.

सिनेमात मात्र दोघी धावत येतात, वाद्यं वाजतात, मिठी, रडारड, आणि थोरली म्हणते, माझ्या लाडक्या बहिणी, तुझ्यावाचून माझं हृदय एखाद्या रिकाम्या घरासारखं झालं होतं, मला क्षमा कर. सूनबाईने ते मला कानात सांगितलं. मी पडद्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, दार लावून घे, वारा येतो. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. नऊ वेळा झालं. 'हृदय'पर्यंत पोचायचे आणि हसू यायचं, नाहीतर दुसरंच काही यायचं आणि पदर शोधावा लागायचा. मुद्दाम केलं नाही, शपथेवर सांगते. (मुद्दाम केलं, असं सूनबाईने परस्पर कंसात लिहू नये.) मिठीमुळे सिनेमातल्या म्हातारीचं तोंड बहिणीच्या खांद्यात गाडलेलं आहे, ओठ दिसतच नाहीत. अमेरिकेच्या मिठीने तेवढं एक पुण्य केलं. आवाजवाला डोकं खाजवत म्हणाला, आहे तसं वरच्या साहेबांना पाठवतो, शुक्रवारी ते ऐकतील. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर ती महाराणी आहेच, आणि लेखिकाही दुसरी बघतील.

आज शुक्रवार. पहिलाच सिनेमा पोरीचा, आणि मी माझ्या एका ओळीपायी त्यावर पाणी ओतलं की काय, हे मला बसू देत नाही. रागावली असती तर मोकळी झाले असते. ती रागवत नाही. सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्ही वेळा मला मोठा कप दिला. अशा माणसापुढे काय करायचं?

फोन अजून गप्प आहे. मी आता पुन्हा उठून बघते, तू तुझ्या प्रकृतीला जप, गुडघ्यांना तेल लाव, आणि हे पत्र वाचताना मधे लाल शाई घेऊ नकोस, चुका सूनबाईच्या आहेत.

तुझी, तूर्तास न बोलणारी,
थोरली

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात फोन आला. सूनबाई माझ्याकडे पाठ करून बोलत होती, म्हणून मी तिच्या टाचांकडे बघत बसले. बातमी चांगली असली की तिच्या टाचा उचलतात. उचलल्या! वरच्या साहेबांनी म्हणे ते ऐकलं आणि लगेच पुन्हा लावायला सांगितलं. ओळ राहणार. पुढचे तिन्ही भाग सूनबाईचे, आणि टॉर्चचाही निकाल टॉर्चच्या बाजूने लागला. पडद्यावर मशाल आहे ती आहे.

ता. क. दुसरा. साहेबांनी एक अट घातलीय, आणि तिथे तुझं काम आहे. सिनेमातली धाकटी म्हातारी उत्तरादाखल हुंदके देत लांबलचक बोलते. माझ्या ओळीपुढे ते बसत नाही. पुस्तकात ती फक्त "हं" म्हणते आणि दार लावते. तोच 'हं' आता घ्यायचं ठरलंय. संध्याकाळपर्यंत फोनवर तीन बायकांचे 'हं' ऐकून झाले, त्यात ती महाराणीही होती. एकीचा आजारी वाटला, एकीचा होकारासारखा, महाराणीचा तर टाळ्यांसाठी थांबल्यासारखा. राग पुरता गेलेला आहे पण तसं कबूल करणार नाही, असा 'हं' हवाय. मी आवाजवाल्याला सांगून टाकलं, की असा 'हं' म्हणणारी बाई माझ्या माहितीत जगात एकच आहे. बुधवारी सकाळी दहाला वेळ ठरलीय, मंगळवारी मुक्कामाला ये. बघ, एवढं शिकलीस आणि वाट्याला आलं एक अक्षर! कागद लागणार नाही. फोन करून सांगितलं असतं, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी ठेवला असता. पहिल्या मजल्यावर चढू नकोस, तुझे तर सगळेच दात हलतात.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा, सूनबाईचा हात दुखतोय. पुढच्या भागात थोरलीला फार बोलायचंय म्हणे, आणि कानात सांगून सांगून पोरीचा घसा किती दिवस टिकणार? ते स्टँड रिकामं बरं दिसत नाही, पिशवी घसरते. दुधाच्या पातेल्याला मी कालच नवीन झाकण आणलंय. पाटी दिलीस तेव्हा पेन्सिल द्यायला विसरली होतीस, एवढी मोठी बाई तू. येताना घेऊन ये.